लात्व्हियातल्या रानात जुना निचरा तुंबलाय, सच्छिद्र पाईपवाल्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी वाळवा तालुक्यातली, सध्या लात्व्हियात येल्गावाजवळ असते. आम्ही दोघांनी चार हेक्टर रान खंडाने घेतलंय. सप्टेंबरात पेरलेला गहू एका कोपऱ्यात पिवळा पडलाय, जीव नुसता तुटतोय.

हा झेमगाले प्रांताचा सपाट भाग. माती चिकण पण कसदार, गहू आणि रेपसीड (मोहरीसारखं तेलबियांचं पीक) जोरात येतं. पाऊस वर्षाला 600-700 मिमी, ऐकून फार वाटणार नाही. पण इथे उन्हाला जोर नाही, पाणी उडून जात नाही. मार्चमध्ये बर्फ वितळतं तेव्हा खालची माती अजून गोठलेली असते. उतार नावालाच, पाणी लिएलुपे नदीकडे सावकाश सरकतं.

म्हणून सोव्हिएत काळात जमिनीखाली भाजक्या मातीच्या फूटभर लांब नळ्या एकापुढे एक मांडल्यात. सांध्यांतून पाणी आत शिरतं आणि कडेच्या चरात पडतं. बर्फ गेलं की नळ्यांवरची माती आधी वाळते, रानात फिकट पट्टे उमटतात. त्या कोपऱ्यात यंदा पट्टाच नाही. चरात उतरून पाहिलं, तर नळीच्या तोंडाला गंजासारखा नारिंगी चिखल, हाताला बुळबुळीत. बांधावर वाळुंजं आहेत, मुळंही शिरली असतील.

नळ्या टाकल्या तेव्हा सगळं सामुदायिक शेत होतं. 1990 च्या दशकात जमिनी जुन्या मालकांच्या वारसांकडे परत गेल्या, नळ्या होत्या तिथेच राहिल्या. आमची मुख्य नळी आता दोन शेजाऱ्यांच्या रानातून जाते. दादा फोनवर म्हणाले, नवीन पाईप टाक. पण रान खंडाचं, एवढा खर्च कसा करू?

आपल्याकडे क्षारपड रानात निचऱ्यासाठी ज्यांनी जमिनीखाली सच्छिद्र (भोकं पाडलेले) पाईप टाकलेत त्यांनी सांगा: तुंबलेली जागा कशी शोधता? आणि सामाईक लाईनचा खर्च एकरावर वाटता, की ज्याचं रान अडलंय त्याने जास्त द्यायचा?

प्रतिसाद:
ताई, आधी तोंड साफ करा आणि तिथून वर चढत जा. पाणी वाहतंय तोवरच बघा. नळीच्या रेषेवर अंतराअंतराने खड्डे घ्या. वरच्या खड्ड्यात पाणी तुंबून वर आलं आणि खालच्यात धार बारीक असली, की बोळा त्या दोघांच्या मधे. आम्ही खर्च एकरावर वाटला, तोंडाची साफसफाई मात्र सगळ्यांनी मिळून. शेजाऱ्यांना घरी बोलावू नका, चरावर न्या. पट्ट्यांचा फोटो असेल तर इथे टाका, रेषा कुठे तुटते ते बघू.