टिमकेनचं मूळ घोडागाड्यांत

एकेका कुटुंबाने चालवलेले कारखाने मोटारींच्या लाटेवर मोठे झाले, असं म्हटलं जातं. टिमकेन या बेअरिंग बनवणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या बाबतीत हे अर्धंच खरं आहे, म्हणून थोडी भर घालतो.

हेन्री टिमकेन हा मूळचा जर्मन, अमेरिकेत सेंट लुईसला घोडागाड्या बनवायचा. गाडीच्या स्प्रिंगच्या पेटंटवर त्यानं आधीच चांगला पैसा कमावला होता. निमुळत्या रोलरच्या बेअरिंगचं पेटंट भाच्यासोबत 1898 साली मिळवलं आणि 1899 मध्ये कंपनी काढली, ती याच पैशाच्या जोरावर. तेव्हा मोटारी रस्त्यावर जेमतेम दिसत होत्या.

ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग हातात घेऊन बघा. रोलर एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक आणि शंकूच्या आकाराच्या आतल्या कडीवर (‘कोन’वर) तिरके बसवलेले. त्यामुळे वरचं वजन तर पेलतंच, पण वळणावर चाकाला बसणारा आडवा रेटाही तेच घेतं. लाकडी घोडागाडीचं दुखणं नेमकं हा आडवा रेटाच होतं.

माझ्या मते खरी धूर्त चाल पुढची. 1901 मध्ये कंपनी ओहायो राज्यातल्या कँटन शहरात हलवली. एका बाजूला पिट्सबर्गचं पोलाद, दुसऱ्या बाजूला डेट्रॉइटचे मोटारवाले. कारभार दोन्ही मुलांनी पुढे नेला. म्हातारा 1909 साली गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर पोलादासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून त्यांनी स्वतःचीच भट्टी पेटवली. बेअरिंगवाल्यांत तेव्हा हे धाडस फार कमी जणांनी केलं असेल.