रूट कॅनल: मधलं औषध भरू की एकाच बैठकीत उरकू? (बजेट ६ हजार)

मृणाल_सातारा: खालची उजवी दाढ. मुळाशी पू, हिरडीवर पुटकुळी. आमचे डॉक्टर म्हणतात, दाढेच्या मुळातल्या नळ्या साफ करून आत पांढरं औषध भरू, २ आठवड्यांनी पक्कं. दुसरे म्हणतात एका दिवसात करून देतो. कोणाचं ऐकू? कॅप सोडून ६ हजार, वर एक रुपया नाही.

गोट्याशेठ: एका दिवसात. माझं ४० मिनिटांत झालं. झिरकोनियाची (पांढऱ्या सिरॅमिकची) कॅप बसवली, एकूण १८ हजार. आता ऊस सोलून खातो.

मृणाल_सातारा: दादा, ६ हजार.

गोट्याशेठ: दातात काटकसर करू नये.

कोकणकन्या: कापसाला लवंगेचं तेल लावून ठेव. आमच्या आईने कधी दवाखाना पाहिला नाही.

निवृत्त_दंतवैद्य: लवंगेने ठणका कमी होतो, मुळातला पू नाही. ते पांढरं औषध बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड. १९२० पासून दातांत वापरतात. पीएच १२.५च्या आसपास, म्हणजे खूपच अल्कधर्मी; त्यात बहुतेक जंतू तगत नाहीत. पण काम सावकाश, म्हणून आठवडा-दोन आठवडे. एंटेरोकॉकस फीकॅलिस नावाचा एक चिवट जंतू त्यालाही पुरून उरतो, तेव्हा काही जण क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक जेल वापरतात. खरी सफाई मात्र हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावाने नळ्या धुण्यात असते. नळी कोरडी होत असेल तर एका बैठकीतही चालतं. पू झिरपत असेल तर त्याच दिवशी बंद करायची घाई नको.

बाळू_पैलवान: कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे चुनाच ना? तंबाखूतला?

निवृत्त_दंतवैद्य: रसायन तेच. म्हणून डबी उघडून दाढेत भरू नका.

बाळू_पैलवान: तरीच आमच्या आबांचे दात शेवटपर्यंत शाबूत.

कोकणकन्या: आबांचं तोंडही कधी आतून बघा.

ठाणेकर७२: माझ्या पुढच्या दातात ३ अँटिबायोटिकची पेस्ट भरली होती. जंतू गेले, दात राखाडी झाला. त्यातल्या मिनोसायक्लिनमुळे होतं म्हणे. आधी कोणी सांगितलं नाही. फोटोत तोंड मिटून हसतो.

नागपुरी_संत्री: औषध भरलं की दुखणं थांबतं, तिथंच माणूस फसतो. मी फसलो. ८ महिने फिरकलोच नाही. वरचं कच्चं (तात्पुरतं) सिमेंट गळलं, दाढ उभी चिरली, काढावी लागली. तारीख चुकवू नका. आणि भरून झाल्यावर कॅप लगेच.

गोट्याशेठ: मीपण तेच म्हणतोय, कॅप लगेच. झिरकोनिया.

ठाणेकर७२: दाढेला मेटलची पुरते. पण कॅप हवीच.

निवृत्त_दंतवैद्य: मेटल चालेल. कॅप मात्र टाळू नका.

मृणाल_सातारा: आज पहिल्याच डॉक्टरांकडे नळ्या धुऊन घेतल्या. पू येत होताच, म्हणून औषध भरलं. पुढची तारीख फ्रिजवर चिकटवली आहे. एकूण ५,५०० ठरले. कॅप दिवाळीच्या बोनसवर, तोवर डाव्या बाजूने जेवेन. ओरडू नका.

गोट्याशेठ: दिवाळीपर्यंत?!