फेरांतेची लेनू आणि लीला: नक्की कोण कोणावर जळतं?

पानगळ
एलेना फेरांतेच्या नेपल्सवाल्या चार कादंबऱ्यांपैकी पहिली, 'माय ब्रिलियंट फ्रेंड', संपवली (अ‍ॅन गोल्डस्टीनचं इंग्रजी भाषांतर, मूळ इटालियन २०११ चं) आणि डोकं भणभणतंय. आमच्या वाचनगटात सगळ्याजणी 'काय सुंदर मैत्री' म्हणून उसासे टाकत होत्या, आणि मला कळेना की आपण तेच पुस्तक वाचलं का. ५० च्या दशकातली गरीब वस्ती, एक शिपायाची मुलगी लेनू आणि एक जोडे शिवणाऱ्याची लीला. लीलाने लेनूची बाहुली तळघरात ढकलली की लेनू पण तिची ढकलणार. लेनूला परीक्षेत चांगले मार्क पडले तरी हिच्या मनात पहिला विचार काय, तर लीला शाळेत असती तर तिला जास्त पडले असते. म्हणजे हिला लीला आवडते की लीलाच व्हायचंय? आणि लीलाच्या मनातलं तर काहीच कळत नाही कारण सांगणारी सगळीकडे लेनूच. मधे मधे तर लेनूचा असा राग आला ना! तुम्हाला काय वाटतं? पुढचे भाग वाचायचेत, प्लीज फोडू नका.

तिरपागडे
लीला काही साधी नाहीये हां. त्या दोघी घरी थापा मारून समुद्र बघायला निघतात तो भाग परत वाच. बोगद्यातून पुढे लीलाच ओढत नेते, आणि मग आभाळ भरून आल्यावर अचानक तीच मागे फिरायचं म्हणते. घरी गेल्यावर लेनूला मार पडतो. दुसऱ्या दिवशी लीला तिचे वळ बघते आणि विचारते काय, तर नुसतं मारलंच का, लॅटिन शिकायला अजून पाठवणारच आहेत का. मग लेनूच्या डोक्यात किडा वळवळतो की हिला माझी शाळा सुटायला हवी होती की काय. की ऐनवेळी मला वाचवायचं म्हणून मागे फिरली? फेरांते उत्तर देतच नाही, आणि मला तरी दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. एवढ्या लहान वयात आपल्याला तरी कुठे माहीत असतं आपण मैत्रिणीचं भलं चिंततोय की वाईट.

खारे_दाणे
सगळे मत्सर मत्सर करताय पण पैशाचं कोणी बोलतच नाही. दोघी सारख्याच हुशार, बाई दोघींच्या घरी सांगतात पोरीला पुढे शिकवा, लेनूचे आईबाप कुरकुरत का होईना तयार होतात आणि लीलाचा बाप हट्ट करते म्हणून पोरीला खिडकीतून बाहेर फेकतो, हात मोडतो तिचा. बस, इथे रस्ते फुटले. नंतर ती वाचनालयातून घरातल्या प्रत्येकाच्या नावाने कार्ड काढून पुस्तकं आणते, आणि जास्त वाचणाऱ्यांना बक्षीस द्यायची वेळ येते तेव्हा पहिली लीला, मग तिचा बाप, आई, भाऊ, आणि पाचवी आमची लेनू! मी मोठ्याने हसलो आणि लगेच घशात काहीतरी अडकलं, कारण बापाला त्या बक्षिसाचं काय कौतुक. आता लेनू जळते म्हणून तिला वाईट ठरवायचं का? तिला मिळालेली खुर्ची दुसरीची होती हे तिला रोज दिसतंय. मी याला जळणं नाही, अपराधीपणा म्हणेन.

सातवी_ब
@खारे_दाणे अपराधीपणा आहेच, पण त्याने असूया कमी होत नाही, उलट दुप्पट होते की. आणि पानगळ, तुझा 'लीला व्हायचंय का' हा प्रश्न मला जरा वेगळा दिसतो. लेनूला आधी कोण व्हायचं *नाहीये* ते बघ. तिची आई लंगडत चालते आणि लेनूला धास्ती असते की आपलाही पाय एक दिवस तसाच पडणार. म्हणून ती लीलाच्या काटकुळ्या, भराभर चालणाऱ्या पायांच्या मागे जाते. आईपासून पळायला मैत्रीण. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं, कारण बारा-तेराव्या वर्षी मीही वर्गातल्या एकीसारखं अक्षर काढायला लागले होते, आणि घरात आईशी मात्र उभा दावा.
लीलाचं उलट आहे. १९५८ च्या थर्टीफर्स्टला गच्चीवर फटाक्यांची चढाओढ चालू असते आणि तिला स्वतःचा भाऊ रिनो कडा सुटून विरघळल्यासारखा, ओळखू न येणारा दिसायला लागतो. लेनूला आपली कड दुसरीत मिसळायचीय, लीलाला कडा मिसळण्याचीच दहशत. आता या दोघींना मैत्रिणी केलंय फेरांतेबाईंनी!

पानगळ
आईचा पाय! मी सरसर वाचत गेले त्यावरून. पण मग 'ब्रिलियंट फ्रेंड' हे शेवटी लीला लेनूला म्हणते, स्वतःच्या लग्नाच्या दिवशी, लेनू तिला आंघोळ घालते तेव्हा, ते खरं मनापासून असतं का? मी अख्खं पुस्तक लीलाच ब्रिलियंट धरून चालले होते.

तिरपागडे
मनापासूनच असणार, पण त्यात हुकूमही आहे. तू शिकत राहा, पैसे मी देते, म्हणजे माझ्या वाटचंही तूच शिक. सोळा वर्षांची पोर किराणा दुकानवाल्याशी लग्न करून स्वतःचं डोकं मैत्रिणीकडे ठेवायला देतेय. आणि त्याच मांडवात, तिने नाकारलेल्या मार्चेल्लोच्या पायात तिनेच भावाबरोबर बनवलेले ते बूट! मी तर शिवी हासडली.

सातवी_ब
खालचं फक्त पुढचे भाग वाचलेल्यांसाठी, पानगळने डोळे मिटावेत.
.
.
.
लीलाच्या वह्यांची पेटी लेनू पिसा शहरातल्या पुलावरून नदीत टाकते ना, आणि लहानपणी लीलाने लिहिलेली 'निळी परी' पुढे लेनूच्या कादंबरीच्या पोटात सापडते, ती बघता मला म्हाताऱ्या लेनूचं हे सगळं लिहिणंच संशयास्पद वाटतं. लीलाने स्वतःला फोटोंमधून सुद्धा कापून काढलंय, तिला पुसलं जायचंय, आणि ही बसली तिच्यावर चार पुस्तकं लिहीत. वर लेनूचं पूर्ण नाव एलेना, आणि लेखिकेचं टोपणनाव पण एलेना. आता यात कोण कोणाचं लिहितंय ते तुम्हीच ठरवा.

खारे_दाणे
संशयास्पद कसलं, हिने लिहिलं नसतं तर लीला होती हे आपल्याला कळलंच नसतं.

सातवी_ब
लीलाला तेच तर नको होतं रे!

पानगळ
डोळे मिटले नाहीत, वाचलं सगळं 😭 दुसरा भाग मागवलाय. तोवर २०१८ ची ती मालिका बघू का?

तिरपागडे
नको, आधी पुस्तक. मालिका छान आहे, पण एकदा त्या दोन पोरींचे चेहरे डोक्यात बसले की त्या दोघी अगदी वेगवेगळ्या दिसायला लागतात.