पंधराशेत कामं कोण सोडेल?

'सरकार घरबसल्या पैसे देतंय, मग धुणीभांडी कोण करणार?' असं वर एकांनी विचारलंय. अजिबात पटलं नाही. लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १५०० रुपये मिळतात, त्यात हडपसरला एका खोलीचं भाडंही निघत नाही. कामं सोडणं दूरच.

खरी अडचण रेशनची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या धान्यासाठी शहरी कुटुंबाची वार्षिक उत्पन्नमर्यादा ५९,००० रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत! नवरा वॉचमन, बायको चार घरी पोळ्या करते, की गेली मर्यादा ओलांडून. माणशी ५ किलो मोफत धान्यावर पाणी सोडायचं. (उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खेटे घालायचे तर कामावर खाडा, तो वेगळाच.) राबणाऱ्यालाच हा दंड का? आधी ती मर्यादा वाढवायला हवी.