मोरोक्कोचा डिफेन्स सगळ्यात भारी होता, पटतंय का?

भावांनो, २०२२च्या फुटबॉल वर्ल्ड कपात माझ्या मते सगळ्यात भारी खेळली ती मोरोक्को, सेमीफायनलपर्यंत एकच गोल खाल्ला अन् तोबी कॅनडाच्या मॅचला सेल्फ गोल! तुम्हाला काय वाटतं?

— शंभर टक्के. पोर्तुगालविरुद्ध मोरोक्कोचा एन-नेसिरी हेडर मारायला असला उडाला की गोलकीपरचे हातबी खाली राहिले, पार्क चौकात आमचा चहा गार झाला.

— भारी होते, पण सेमीफायनलला फ्रान्सनं ५व्या मिनिटालाच गोल मारला न बे, मग मागं बसून कसं चालंल?

— अरे, त्या मॅचला मोरोक्कोचा डिफेंडर अगेर्द वॉर्मअपलाच बाहेर, दुसरा डिफेंडर साईस २१व्या मिनिटाला गेला, डिफेन्सच मोडला की! तरी शेवटपर्यंत भिडले. अन् स्पेनच्या दोन पेनल्ट्या मोरोक्कोचा गोलकीपर बोनोनं अडवल्या, ते अजून डोळ्यासमोर आहे.