एअरसॉफ्टसाठी (प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुकांचा खेळ) हिवाळ्यात कुठले हातमोजे?

गारठलेली_बोटं: ओंटारियोत डिसेंबरचा खेळ, तापमान उणे ५ ते उणे १०. स्कीचे जाड हातमोजे घातले तर बोट ट्रिगर गार्डमध्ये (ट्रिगरभोवतीच्या कड्यात) शिरत नाही, पातळ घातले तर बधिर होतं. काय घ्यावं?

हॉपअप_काका: एकच जाड जोडी नको. आत पातळ मेरिनो लोकरीचा मोजा, वर वारा अडवणारा. अंगठा सोडून हाताच्या तळव्याचा घेर टेपने मोजून घ्या. ८ इंच म्हणजे साधारण ८ नंबर. मात्र वरचा मोजा आतला घालूनच चढवून बघा. मूठ वळताना आवळला तर रक्त अडतं, ऊब धरणारी हवाही दबते. मग कितीही महाग असो, हात गारच.

सेमी_ऑटो: मॅगझिन काढा, एक-दोन फैरी झाडून चेंबर रिकामी करा (गॉगल लावूनच!), मग बोट गार्डमध्ये आत-बाहेर करा. न दाबता ट्रिगर हलला की तो मोजा बाद. आणि मोज्याच्या बोटांची टोकं कापू नका. ६ मिमीचा बीबी (छर्रा) गार नखावर बसला की दिवस संपतो.

हॉपअप_काका: हो, आणि सुती अस्तर टाळा, घाम धरून ठेवतं.

गारठलेली_बोटं: हीट पॅक (ऊब देणारी छोटी पाकिटं) चालतील?

सेमी_ऑटो: मनगटाच्या आतल्या बाजूला, आतल्या मोज्यावर, थेट कातडीवर नको, भाजतं. तळव्यात ठेवलात तर पकड जाते. त्यांना हवा लागते, म्हणून घट्ट मोज्यात ते थंड पडतात. बर्फात लोळणार असाल तर सुकी जोडी जॅकेटच्या आत ठेवा. बंदुकीची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीही तिथेच, म्हणजे गारठणार नाही.