चार्ल्सटन: दोघांसाठी तीन रात्री कशा बसवाव्यात?

प्रश्न: एप्रिलमध्ये आम्ही दोघं साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनला जातोय. गाडी घ्यावी का? बायको शाकाहारी आहे.

उत्तर १: मुक्काम किंग स्ट्रीट किंवा मार्केटजवळ घ्या. जुनं शहर पायी होतं, डॅश बस फुकट आहे. पार्किंगला उगाच पैसे कशाला? मिडलटन प्लेसच्या बागेला जायचं त्या दिवसापुरती गाडी भाड्याने घ्या.

उत्तर २: फोर्ट समटरची बोट आधीच बुक करा. जाऊन-येऊन सव्वादोन तास, त्यात किल्ल्यावर जेमतेम तासभर. घोडागाडीचा मार्ग आपल्या हातात नसतो, सोडतीत जो भाग निघेल तो. म्हणून रेनबो रो पायीच बघा, तेही सकाळी; ती 13 घरं पूर्वाभिमुख आहेत, दुपारनंतर दर्शनी भिंती सावलीत जातात.

उत्तर ३: जेवणाचं नीट विचारून घ्या. कोलार्ड ग्रीन्स दिसायला निव्वळ पालेभाजी, पण बहुतेकदा डुकराच्या मांसासोबत शिजवतात. ग्रिट्स म्हणजे मक्याचा भरडा. तोही कधीकधी चिकनच्या पाण्यात शिजवतात.
आणि हो, पौर्णिमा-अमावास्येला भरतीची वेळ बघा. पाऊस नसतानाही रस्त्यावर पाणी येतं. खारं पाणी ते, गाडी घालू नका.